पुरावामामा आणि वाट बघण्याची पदवी

सगळी कॉलनी त्याला पुरावामामा म्हणायची. हे त्याला माहीत होतं, आणि हे नाव पहिल्यांदा कुणी पाडलं याचा छडाही त्याने लावला होता. समोरच्या दुकानातला न्हावी निघाला. तेव्हापासून मामा केस कापायला लांबच्या चौकात जायचा.

पण न्हाव्याची तरी काय चूक. मामाची नोकरीच तशी. शहरातल्या बसमध्ये लोक जे जे विसरतात ते सगळं डेपोच्या मागच्या एका लांबट खोलीत येतं आणि त्या खोलीच्या खिडकीत मामा बसतो. मागे लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर छत्र्या, डबे, चष्मे, पिशव्या, एकदा तर आख्खी कवळी. माणूस खिडकीशी येतो, म्हणतो, माझी काळी बॅग राहिली हो. मामा मागे वळूनसुद्धा बघत नाही. विचारतो, "आत काय होतं?" वस्तू आधी दाखवायची नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम त्याने कुणालाच सांगितला नव्हता, शेजारच्या टेबलावरच्या जोडीदारालाही नाही, कारण जोडीदारावरही त्याचा पुरता भरवसा नव्हता. तो नियम असा, की जो अडखळतो त्याची वस्तू. खऱ्या मालकाला आपल्या बॅगेत काय आहे ते धड सांगताच येत नाही. तो म्हणतो, एक स्वेटर, नाही नाही, स्वेटर धुवायला टाकला होता, थांबा हं, एक फाइल होती, तिचं ते क्लिप तुटलेलं, बायको कधीची म्हणतेय नवीन आण. आणि लुच्चा माणूस कसा, पाठ केल्यासारखा घडाघडा. बॅग काळी, चेन पितळी, आत टॉवेल आणि डबा. असा कुणी बोलला की मामा चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "उद्या या." उद्या तो यायचा नाही.

आता असा माणूस घरी आल्यावर काय वेगळा होणार आहे? दूधवाल्याने दूध पातळ दिलं म्हणून शंका, घट्ट दिलं तर यात काय घातलं म्हणून शंका. मामी म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही हे खालून डोकावून बघत होते, आत मीच आहे का म्हणून." मामा यावर काही बोलायचा नाही, म्हणजे ते खरं असणार.

मूल नव्हतं त्यांना. दोन वर्षांपूर्वी बहिणीची मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली आणि घरात एकदम जीव आला. मामाचा तिच्यावर भारी जीव. पण जीव लावण्याची त्याची पद्धतही खिडकीतलीच. कुठे गेलीस, कुणाबरोबर, परत येताना कुठली बस, तिकीट बघू. ती हसायची आणि तिकीट दाखवायची.

मग या वर्षी ती हसेनाशी झाली. तिकीट टेबलावर ठेवून आपल्या खोलीत जायची. मामाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कॉमर्सची पुस्तकं कपाटात जशीच्या तशी, कोरी करकरीत, आणि उशाशी भलतीच. एक मेंदूचं, एक इमारतींचं, एक रुग्णालयं कशी चालवतात त्याचं. शिवाय जेवताना काहीही विचारायची.

"मामा, तुझ्या खिडकीसमोर लोक उभे असले की जास्त चिडतात का बसलेले असले की?"

"का? कुणी विचारायला सांगितलंय?"

"कुणी नाही. मीच विचारतेय."

"मीच कसं? असं आपलं आपण कुणी विचारतं का?"

आणि कपड्यांना वास. फिनाइलचा. मामाने दोनदा खुर्चीवरच्या तिच्या जॅकेटला नाक लावून खात्री केली. मामीला सांगितलं तर मामी म्हणाली, "अहो, तो वास तुमच्या डोक्यातला आहे." पण म्हणताना तिने मान वळवली, आणि मामाला मान वळवणारी माणसं रोज बघायची सवय. म्हणजे हिलाही काहीतरी माहीत आहे. मुलगा असणार. दवाखान्यात कामाला असणारा मुलगा. हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जोडीदाराने पेन खाली ठेवलं. "रजा? तुम्ही? कशासाठी?"

"खाजगी."

"पुरावा?" जोडीदार म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खो खो हसत सुटला.

भाची घरातून निघाली, मामा मागे. ती बसमध्ये पुढे, हा मागच्या दारात दोन दणकट बायकांच्या आड. ती मोठ्या सरकारी दवाखान्याशी उतरली.  मामाला वाटलं, आजारी तर नाही ना पोरगी, आणि आपण इथे मुलगा शोधतोय. पण ती डॉक्टरांकडे गेली नाही. बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे लोक नंबर लागायची वाट बघत बसतात, तिथे एका बाकावर जाऊन बसली. नुसती बसली. मामा एका खांबामागे बसला आणि हातातला पेपर उघडला.

कुणी आलं नाही. ती लोकांकडे बघत होती. एक म्हातारे गृहस्थ उठून खिडकीशी जायचे, परत बसायचे, परत उठायचे, ती त्यांच्याकडे बघायची आणि फोनवर काहीतरी टिपायची. एक बाई पंख्यावरून भांडायला लागली, ही तिकडे बघायला लागली. मामाला काही टोटल लागेना. आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं.

सिक्युरिटीवाला होता. "काका, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही."

"केस पेपर?"

"नाही."

"मग मघापासून त्या पोरीकडे काय बघताय?"

मामाचे कान तापले. "भाची आहे माझी."

"सगळे असंच म्हणतात काका. आणि पेपर उलटा धरलाय तुम्ही."

पेपर उलटा नव्हता, मामाने लगेच तपासलं, पण तोवर आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. जन्मभर ज्याने लोकांवर नजर ठेवली त्याच्यावर आता आख्ख्या हॉलची नजर, आणि त्यातल्या कुणालाच दुसरं काही काम नव्हतं. सिक्युरिटीवाल्याने त्याला दंडाला धरून तिच्यासमोर उभं केलं. "ताई, हे म्हणतायत तुमचे मामा आहेत."

भाचीने वर बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग अगदी शांत आवाजात ती म्हणाली, "असतील. एक काम करा, त्यांना विचारा मी काय शिकते ते."

"कॉमर्स," मामा म्हणाला. एका दमात.

"चूक," भाची म्हणाली. तिने बॅग उचलली आणि निघून गेली.

गेटपर्यंत सिक्युरिटीवाला सोडायला आला. वर म्हणाला, "काका, या वयात शोभतं का?"

मामा घरी आला तेव्हा त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि चहाचे कप तसेच भरलेले होते. मामाने चप्पल काढली, नेहमीसारखी भिंतीला लावून ठेवली नाही, तशीच टाकली. मग सगळं बाहेर आलं. तिने वर्ष सुरू होतानाच कॉमर्स सोडलं होतं. विद्यापीठात एक सोय असते, विषय आपणच ठरवायचा, वेगवेगळ्या विभागांमधले अभ्यासक्रम आपणच निवडून त्यांची मोट बांधायची, सगळ्या सेमिस्टरचा आराखडा करायचा आणि समितीपुढे मांडायचा. समितीने मान्य केलं तर ती तुमची पदवी. तिचा विषय होता वाट बघणं.

"काय बघणं?" मामा म्हणाला.

"वाट. लोक वाट कशी बघतात. कशाने ती सहन होते आणि कशाने होत नाही."

"वाट बघण्याची पदवी? मग आमच्या स्टॉपवर जी माणसं उभी असतात ती सगळी डॉक्टरेट झाली असतील."

मामीला हसू आलं आणि तिने ते चहात बुडवलं. भाची हसली नाही. "मागच्या वर्षी मामीचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण कुठे बसलो होतो आठवतंय? आपल्या मजल्यावर ती नर्स सारखी बाहेर येऊन सांगायची, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. तेवढंच. आणि सगळे गप बसले होते. खालच्या मजल्यावर कुणी काहीच सांगत नव्हतं तर लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये, मामा. मला हेच शिकायचंय."

"दाजींना माहीत आहे?"

माहीत होतं. दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, आणि मामाच्या बहिणीला, आणि मामीला. दाजींनी साफ सांगितलं होतं, समितीने हो म्हटलं तर राहा, नाहीतर सामान आवरून परत ये आणि फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बस. सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याच्या घरात ती राहत होती त्याला नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"तू पुरावा मागितला असतास," भाची म्हणाली. "आणि माझ्याकडे नव्हता."

मामा त्या दिवशी जेवला नाही. ऊर भरून आला होता त्याचा, पण ते कबूल करायचं म्हणजे जीभ झडणार.

आता झालं असं, की त्या समितीची एक रीत होती. आराखडा मांडताना विद्यार्थ्याने बाहेरचा एक माणूस घेऊन यायचा, असा, की ज्याला तो आराखडा पटलेला नाही. मुलं त्याच्या जागेला शंकेची खुर्ची म्हणायची. त्या माणसाने मनात असेल ते विचारायचं आणि शेवटी आपली शंका फिटली की नाही ते समितीला सांगायचं. प्रश्न आधी फोडायचे नाहीत. भाचीने मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचं नाव दिलं होतं. सल्लागार सरांनी, ज्यांना बारा महिने सर्दी असायची, त्या बहिणीला फोन केला आणि नाव खोडलं. म्हणाले, ती बाई सगळ्यालाच छान छान म्हणते, असा माणूस काय कामाचा, तुझ्यावर सगळ्यात जास्त संशय कोण घेतं त्याला आण.

भाची दोन दिवस मामाशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "खुर्चीत बसशील?"

"मी का?"

"दुसरं कोण आहे?"

मामाने लगेच हो म्हटलं नाही. यात काही डाव तर नाही ना, आपल्याला आत घेऊन गप्प करायचा, असंही मनात येऊन गेलं. पण आराखडा घेतला.

तो आराखडा त्याने डेपोत नेला, घरी आणला, परत नेला. मग एका दुपारी स्वतः विद्यापीठात गेला आणि एकेक विभाग हुडकत, हा अभ्यासक्रम खरंच आहे का, कोण शिकवतं, कुठल्या खोलीत, असं विचारत फिरला. वास्तुशास्त्र विभागातल्या शिपायाला वाटलं तपासणी आलीय, त्याने मामाला खुर्ची दिली. सगळं खरं निघालं. आणि सगळं खरं निघालं म्हणून मामाचा संशय वाढला.

संध्याकाळी तो तिला सहज विचारल्यासारखं विचारायचा. हे रांगांचं गणित कशाला? ती अडखळायची. म्हणायची, म्हणजे ते मला अजून नीट कळत नाही, मला त्याची भीतीच वाटते, पण समज एकच खिडकी आहे आणि, थांब, असं नाही, दोन खिडक्या आहेत. हातवारे करायची, चिडायची, साखरेचे डबे मांडून दाखवायची. मनाला वेळ लांब का वाटतो, त्यावरही तसंच. बसायच्या जागा कशा बांधतात, त्यावर तर ती मामाशी कडाकडा भांडली. पण शेवटच्या दोन सेमिस्टरबद्दल विचारलं की कशी बोलायची? नेतृत्वकौशल्य, प्रकल्प व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण, यामुळे माझ्या अभ्यासाला व्यापक दिशा मिळेल. घडाघडा.

मामाने चष्मा कपाळावर चढवला.

मामीने त्याचा चेहरा बरोबर ओळखला. "काहीतरी सापडलंय तुम्हाला. तिला आत्ताच सांगा, तिथे चव्हाट्यावर कशाला?"

"प्रश्न आधी फोडायचे नाहीत. नियम आहे."

"नियम गेला चुलीत. पोरगी परत जाईल, कळतंय का तुम्हाला? मग बसा तिकिटं तपासत माझीच."

त्याला कळत होतं. त्या रात्रीपासून त्याला धड झोप नव्हती. सांगावं तर ती ते दोन दिवसांत गुळगुळीत करून आणणार आणि मग खरं काय ते कुणालाच कळणार नाही. न सांगावं तर आपल्याच हाताने तिचं सामान दारात ठेवल्यासारखं.

समितीची खोली साधीच होती. लांब टेबल, त्यामागे तिघं, कोपऱ्यात सर्दीवाले सल्लागार, आणि टेबलाच्या कडेला एक एकटी खुर्ची. मधल्या अध्यक्षबाई पेनाचं टोपण चावत होत्या. भाचीने आराखडा छान मांडला, नर्सची गोष्ट सांगितली, बाई दोनदा हसल्या. मग त्या मामाकडे वळल्या. "विचारा तुम्ही."

मामाने सुरुवात बरी केली. नोकरी कोण देणार, विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. हे कॉमर्समध्ये राहून करता येणार नाही का? ती म्हणाली, प्रयत्न केला, नाही आलं. बाई मान डोलावत होत्या. सल्लागार रुमाल शोधत होते. सगळं सुरळीत चाललं होतं, इथेच थांबला असता तर सगळे खुशीत चहाला गेले असते. 

"शेवटची दोन सेमिस्टर," तो म्हणाला. "ती तुझी आहेत का?"

"म्हणजे?"

"बाकीचं तुला सांगता येत नाही. हे तुला फारच चांगलं सांगता येतं."

 भाचीने त्याच्याकडे असं बघितलं की मामाला वाटलं, उठावं आणि चालू लागावं. तिचे डोळे भरले.  तिसऱ्या मेंबरने घसा खाकरला. सल्लागारांना आता शिंकसुद्धा येईना.

"नाहीत," ती शेवटी म्हणाली. "मागच्या वर्षी एका सीनियरचा आराखडा मान्य झाला होता, त्याच्यातली आहेत. शेवटच्या वर्षी मला काय हवं असेल ते मला, मी खूप विचार केला, पण मला आत्ता कसं कळणार? आधी हे गणित जमतंय का तेच माहीत नाही. म्हणजे जमलं तर मी तिकडे जाईन, नाही जमलं तर दवाखान्यांकडे, किंवा, मला नाही माहीत. रिकामं ठेवलं तर तुम्ही नाही म्हणाल म्हणून भरलं."

"रिकामं चालत नाहीच," तिसरा मेंबर म्हणाला.

अध्यक्षबाईंनी टोपण तोंडातून काढलं. "तुमची शंका फिटली का?" त्यांनी मामाला विचारलं.

आता बघा, एवढं सोपं होतं. फिटली म्हणायचं. तीन अक्षरं. भाची खाली बघत होती. मामाने आयुष्यात कुणासाठी खोटी सही केली नव्हती, पण त्या क्षणी त्याच्या जिभेवर ते आलं होतं, अगदी टोकावर.

"नाही फिटली," तो म्हणाला. "मला ही पदवी अजूनही कळलेली नाही. पण शेवटचं सोडलं तर बाकी सगळं तिचं आहे. ते मी सांगू शकतो. ते माझं कामच आहे. दुसऱ्याचं असतं तर तिला इतकं वाईट सांगता आलं नसतं."

कुणी हसलं नाही. त्या तिघांनी डोकी एकत्र केली, बराच वेळ कुजबुज चालली, तिसरा मेंबर सारखा नियम नियम म्हणत होता. मग बाई म्हणाल्या, की पहिली सहा सेमिस्टर मान्य. पुढची दोन खोडायची आणि त्यांचा आराखडा घेऊन तिने पुढच्या वर्षी परत इथे उभं राहायचं. "आणि हेच गृहस्थ त्या खुर्चीत हवेत."

बाहेर जिन्यावर भाची त्याच्या पुढे पुढे उतरत होती. मामा मागून म्हणाला, "रागावलीस?"

"हो."

"बरं."

खालच्या पायरीवर ती थांबली, नाक पुसलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. "बाबांना तू सांग. माझ्याने नाही होणार. मी सांगितलं तर ते म्हणतील अर्धवटच मान्य झालंय, ये परत."

मामाने फोन लावला. दाजींनी नेमकं तेच म्हटलं. अर्धवट म्हणजे काय, मेव्हणे? पुढच्या वर्षी नाही म्हणाले तर? आणि वाट बघून कुणाचं पोट भरलंय? मामा ऐकत होता, आणि हे सगळे आपलेच प्रश्न आहेत हे कळून त्याला विचित्र वाटत होतं.

"दाजी, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तिलाही माहीत नाही. तिथल्या मॅडमनाही माहीत नाही, मी विचारून आलोय. पण पोरगी बनवाबनवी करत नाहीये. याची हमी मी देतो."

 पलीकडे दुकानात कुणीतरी फरशी आपटल्याचा आवाज आला.

"तुम्ही हमी देताय?" दाजी म्हणाले.

"हो."

"मग राहू दे तिला."

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती खालीच बसली, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या मध्ये, धड रडत नव्हती, धड हसत नव्हती. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोन मात्र अजून त्याच्या कानाला होता, कारण त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

"दाजी, एक मिनिट," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या पटकन कसे काय तयार झालात?"